अंगावरचें वर्तमानपत्र

पुण्याच्या थंडीविषयीं पुण्याबाहेरच्या माणसापाशीं बोलूं नये, असा माझा अनुभव आहे. नागपूरकर हंसतो, निफाडचा द्राक्षबागाईतदार कींव करतो, आणि दिल्लीस चार हिंवाळे काढून आलेला एखादा आप्त तर ‘याला का थंडी म्हणायचें?’ एवढें विचारून आपल्या सदर्‍याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारतो. वास्तविक १९३५ सालच्या जानेवारींत याच शहरांत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. परंतु नव्वद वर्षांपूर्वींची थंडी आजच्या वादांत कामास येत नाहीं. एरव्हीं पौष-माघांतल्या पहांटे दहा-बारा अंश, क्वचित् सात-आठ अंश, एवढेंच काय तें आमचें भांडवल. तेवढ्यावरहि पुणेकर कानटोपी चढवतो, मफलर गुंडाळतो आणि चौकांत शेकोटी पेटवून भोंवतीं बसतो, हें मी नाकारीत नाहीं. पण टीकाकारांच्या ध्यानांत एक गोष्ट येत नाहीं. आमच्या थंडीचे दोन प्रकार आहेत : एक उभ्या माणसाची थंडी आणि दुसरी सायकलवरच्या माणसाची. पहिलीविषयीं टीकाकार काय म्हणतील तें मला मान्य आहे. गेलीं बावीस वर्षें मी दुसरीचा ग्राहक आहें.

माझा पहिला तास सकाळीं सात-वीसला असतो. पाषाणाहून मी साडेसहाच्या सुमारास निघतों, तेव्हां जानेवारींत सूर्योदयास चांगला अर्धा-पाऊण तास अवकाश असतो. शिवाजीनगरच्या वेधशाळेंतला पारा आणि पाषाणचा पारा यांत थोडीफार तफावत बहुधा असतेच, आणि ती आमच्याकडे थंडी अधिक अशी असते. शिवाय थंड हवा जड असल्यामुळें ती रात्रभर पाण्यासारखी वाहत जाऊन खोलगट जागीं साठून राहाते. रामनदीचा पूल आला कीं एखाद्या हौदांत उतरावें तसा गारठा गुडघ्यांपासून कानांपर्यंत चढतो, आणि पूल ओलांडून शंभर पावलें पुढें गेलें कीं तो ओसरूं लागतो. मोटारींतून जाणार्‍याला नदी पाहावी लागते. सायकलवरून जाणार्‍याला ती डोळे मिटूनहि सांपडेल. (अर्थात् सायकलवर डोळे मिटण्याची शिफारस मी करीत नाहीं.)

सायकलवाल्याची थंडी निराळी कां, याचें कारण सोपें आहे. तो आपला वारा आपणच निर्माण करतो. झाडाचें पानहि हलत नसलें तरी ताशीं वीस किलोमीटरच्या वेगानें जाणारा मनुष्य तितक्याच वेगाचा वारा तोंडावर घेत असतो. १९४१ साली पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोन अमेरिकनांनीं दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशांत पाण्यानें भरलेली एक नळकांडी उघड्यावर टांगून तें पाणी गोठावयास किती वेळ लागतो हें निरनिराळ्या वार्‍यांत मोजलें, आणि तेथून या विषयाच्या गणिताला प्रारंभ झाला. पुढें २००१ सालीं अमेरिका आणि कॅनडा या देशांनीं त्या गणिताची सुधारलेली आवृत्ति स्वीकारली. तिच्या आधारें हिशेब केला तर दहा अंशांची पहांट वीस किलोमीटरच्या वेगाला सात अंशांसारखी लागते, आणि पांच अंशांची असेल तर एका अंशासारखी. हें गणित मीं एकदां आमच्या शिक्षकांच्या खोलींत सांगितलें. तेव्हां पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकांनीं शांतपणें सुचविलें, “मग सावकाश या कीं!” त्या सूचनेंत किती शहाणपण आहे हें मला पुढें परदेशांत कळावयाचें होतें, त्या दिवशीं ती केवळ खोडसाळ वाटली.

एवढेंच असतें तर उपाय सोपा होता. कपाटांत जेवढे गरम कपडे असतील तेवढे अंगावर चढवावे आणि निघावें. आमच्या घरांतहि हेंच मत पुष्कळ वर्षें रूढ होतें. “अहो, आणखी एक स्वेटर घाला; उकडलें तर काढून ठेवतां येतो,” हें वाक्य मीं दाराशीं किती वेळां ऐकलें असेल याची गणती नाहीं. परंतु सायकलवर बसलेला मनुष्य जसा पंखा असतो, तशीच तो शेगडीहि असतो. स्नायूंत जी शक्ति खर्च होते तिचा जेमतेम पाव हिस्सा पायटे फिरविण्यास लागतो, उरलेली सर्व उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. दोन स्वेटर घालून निघालेला गृहस्थ पहिलीं पांच मिनिटें सुखांत असतो. दहाव्या मिनिटाला त्याच्या कपाळावर घाम दिसूं लागतो. विद्यापीठाच्या चौकाशीं तो पाठीपर्यंत भिजलेला असतो, आणि तेथून पुढें गणेशखिंडीचा रस्ता शिवाजीनगराकडे उतरतो! ओल्या सदर्‍यावर तो उताराचा वारा बसला म्हणजे कशी कळ येते हें ज्यानें अनुभवलें आहे त्याला अधिक सांगावयास नको. म्हणून निघतांना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जो दारांतून ऊबदार निघाला तो कॉलेजांत गारठून पोंचणार, हा या शास्त्रांतला पहिला नियम, आणि कुटुंबीयांस पटवून देण्यास तोच सर्वांत अवघड. नवरा कुडकुडत निघतो आहे हें पाहून ज्या बाईला समाधान वाटेल अशी बाई आमच्या पिढींत तरी मीं पाहिलेली नाहीं.

घाम हा खरा शत्रु म्हटला कीं कापसाची बाजू लंगडी पडते. आम्ही दख्खनचे लोक कापसावर वाढलों. सुती बंडी, सुती सदरा, सुती उपरणें, आणि आजारपणांत सुद्धां सुती घडीचा शेक. पण सूत पाणी पितें आणि तें धरून बसतें. ओली बंडी अंगाला चिकटली कीं ती अंगाची ऊब चोरूं लागते. लोकरीचें तसें नाहीं. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी वाफ लोकर पोटांत घेते, तरी हाताला ओली लागत नाहीं. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत डॉक्टर गुस्टाव्ह येगर नांवाच्या एका जर्मन गृहस्थानें माणसानें अंगभर केवळ लोकरच वापरावी असा पंथ काढला होता, आणि बर्नार्ड शॉसारखा तिरकस बुद्धीचा मनुष्य त्या पंथाचा विणीव सूट घालून लंडनच्या रस्त्यांतून फिरत असे. तोच शॉ १८९५ सालीं सायकल शिकला आणि त्याच वर्षीं बर्ट्रांड रसेलच्या सायकलीवर जाऊन आदळला. लोकरीचा या अपघाताशीं संबंध नाहीं. परंतु इंग्रजी वाङ्मय शिकविणार्‍या माणसाला अशा गोष्टी सांगितल्यावांचून राहावत नाहीं, एवढी सवलत वाचकांनीं द्यावी. एच्. जी. वेल्सचा हूपड्रायव्हर तर प्रत्यक्ष कापडाच्या दुकानांतला नोकर, आणि १८९६ सालच्या त्या कादंबरींत तो नवा तपकिरी सायकलचा पोषाख घालून सुटीवर निघतो. पोषाख चढवितांच आपण कोणी निराळे आहों असें त्याला वाटूं लागतें. हल्लीं रविवारीं सिंहगडाच्या वाटेवर चकचकीत, अंगास घट्ट बसणारे रंगीत कपडे घालून जाणारीं माणसें दिसतात, तेव्हां मला हूपड्रायव्हरची आठवण येते. त्यांचा मी उपहास करीत नाहीं. शंभर किलोमीटर जाणार्‍याला तो पोषाख लागतो. मला आठ किलोमीटर जाऊन लगेच वर्गांत उभें राहावयाचें असतें, आणि शेक्सपिअर शिकविणारा मनुष्य केशरी-हिरव्या रंगांत दिसला तर मागच्या बांकांचें काय होईल हें मी जाणतों.

लोकर म्हटली कीं आमच्या प्रदेशांत घोंगडी आली. दख्खनी मेंढीची ती काळी, राठ लोकर आणि सणगरांच्या मागावर विणलेलें तें जड वस्त्र. पाऊस आणि थंडी या दोहोंना पुरून उरणारें याहून चांगलें पांघरूण धनगराला मिळालें नसतें. परंतु घोंगडी ही चालणार्‍याची आणि बसणार्‍याची आहे. सायकलवर ती एक तर शिडासारखी फुगते, नाहीं तर मागच्या चाकांत अडकते. उरले स्वेटर. हिंवाळ्यांत तिबेटी मंडळी आमच्याकडील शहरांतून गरम कपड्यांचा बाजार मांडतात. तेथें हिमालयाची आठवण करून देणारे स्वेटर मिळतात, पण त्यांतले बहुतेक लुधियान्याचे असतात आणि पुष्कळांत मेंढीचा केंसहि नसतो. तरी स्वस्त, हलके आणि धुण्यास सोपे. मी त्यांना नांवें ठेवणार नाहीं. दोन माझ्यापाशींहि आहेत.

पण या सर्व विद्येच्या आधीं मला एक जुना पोषाख ठाऊक होता, आणि त्याच्यापुढें हें सारें पुस्तकी ज्ञान मला अजूनहि फिकें वाटतें.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यांत नोकरीस होते. आम्ही तेव्हां शनिवार पेठेंत एका वाड्याच्या दोन खोल्यांत राहात असूं. सकाळची पाळी असली कीं ते साडेपांचाच्या आंत बाहेर पडत. नवा पूल, शिवाजीनगर, वाकडेवाडी आणि मग मुंबईच्या रस्त्यानें खडकी, असा सहा-सात किलोमीटरांचा रस्ता. अंधारांत ते कपडे करीत. आधीं बनियन, मग त्यावर आदल्या दिवसाचें वर्तमानपत्र, गळ्यापासून पोटापर्यंत येईल अशी उभी घडी घातलेलें. त्यावर खाकी सदरा, सदर्‍याच्या गुंड्या वरपर्यंत लावलेल्या. छातीवर मफलरीचीं दोन टोकें एकमेकांवरून नेऊन मागें खोंचलेलीं. विजारीच्या घोट्यांशीं दोन लोखंडी चाप. डोक्याला टोपी आणि टोपीवरून कानांवर एक जुनें फडकें, जें कारखान्याच्या फाटकाशीं पोंचण्यापूर्वीं न चुकतां खिशांत जाई. मला जाग येई ती वर्तमानपत्राच्या आवाजानें. अंधारांत कागद सळसळे, आणि आई हलक्या आवाजांत म्हणे, “अहो, हळू, पोरें उठतील.”

तें वर्तमानपत्र आमचें नसे. घरमालकांकडे ‘सकाळ’ येई आणि त्यांचें वाचून झाल्यावर दुसर्‍या दिवशीं तो आमच्याकडे येई. वडील आधीं तो अंगावर घालीत आणि मग वाचीत. दुपारच्या सुटींत घडी बाहेर काढून, मांडीवर सपाट करून ते अग्रलेखासकट सारा अंक वाचीत आणि तिसर्‍या प्रहरीं घरीं परत आणीत. त्या अंकावर मध्यभागीं एक उभी सुरकुती असे, आणि त्याला घामाचा व यंत्राच्या तेलाचा वास येत असे. त्या सुरकुतीवरून अक्षरें जुळवीत मी वाचावयास शिकलों. शाळेंत गेल्यावर सपाट, कोरें पुस्तक हातांत आलें तेव्हां त्यांत कांहीं तरी उणें आहे असें मला वाटल्याचें आठवतें.

हिंवाळा लागला कीं वडिलांना खोकला होई. तो मार्गशीर्षांत येई आणि होळीनंतर जाई. रात्रीं खोकल्याची उबळ आली म्हणजे दोन्ही खोल्यांतलीं माणसें जागीं होत, पण कोणी बोलत नसे; उबळ संपून दीर्घ श्वास ऐकूं आला कीं एकेक जण पुन्हां झोंपीं जाई. सायकल सोडावी असें आईनें त्यांना कधीं म्हटलें नाहीं. बसच्या पैशाचा हिशेब तिला ठाऊक होता. तिनें एकदां लोकर आणून स्वेटर विणावा असें ठरविलें होतें. त्या वर्षीं माझी शाळेची फी आली, पुढल्या वर्षीं बहिणीचें दुखणें आलें, आणि लोकर राहून गेली.

१९९३ सालीं मला प्राध्यापकाची नोकरी लागली. पहिल्या पगारांत मीं वडिलांसाठीं निव्वळ लोकरीचा, राखी रंगाचा स्वेटर आणला. निवृत्तीस त्यांना दोन वर्षें उरलीं होतीं. त्यांनीं तो हातांत घेतला, पोत पाहिला, किंमत विचारली आणि ती ऐकून भुंवया वर केल्या. मग त्यांनीं जें केलें तें मीं कोणाही ग्राहकाला दुकानांत करतांना पाहिलेलें नाहीं. स्वेटराचा एक पदर तोंडाशीं धरून त्यांनीं त्यांतून जोरानें फुंकर मारली आणि दुसरा हात पलीकडे धरला. “फार चांगला आहे,” ते म्हणाले. “पण वारा जातो रे आरपार.” दुसर्‍या दिवशीं पहांटे मला पुन्हां कागदाची सळसळ ऐकूं आली. बनियनवर स्वेटर, स्वेटरावर वर्तमानपत्र आणि त्यावर सदरा!

त्या वेळीं मला थोडें वाईट वाटलें. पण शास्त्र वडिलांच्या बाजूनें होतें. लोकरीच्या धाग्यांत जी हवा अडकून राहाते ती ऊब धरते. वारा आरपार गेला कीं ती हवाच उडून जाते आणि लोकर नुसतें जाळें होऊन बसतें. म्हणून आंत हवा धरणारें वस्त्र आणि बाहेर वारा अडविणारें वस्त्र, असे दोन पदर लागतात. मोठ्या दुकानांत आज हेच पदर निरनिराळ्या नांवांनीं आणि निरनिराळ्या किंमतींना विकतात. वडिलांनीं बाहेरच्या पदराला आठ पानी कागद लावला होता. कागदांत वारा शिरत नाहीं, घड्यांच्या मध्यें थोडी हवाहि राहाते, आणि अंग तापलें कीं सदर्‍याची वरची गुंडी काढून तो एका हातानें ओढून घेतां येतो. ही शेवटची सोय तर कोणत्याहि महागड्या विंडचीटरांत नाहीं.

पुढें कित्येक वर्षांनीं, दूरदर्शन-संच घरोघर आल्यावर, एका उन्हाळ्यांत आम्ही दोघे फ्रान्समधली ती प्रसिद्ध सायकलशर्यत पाहात होतों. आल्प्सच्या घाटमाथ्यावर प्रेक्षकांची गर्दी होती. चढ चढून घामाघूम झालेला एक स्वार माथ्यावर आला, कडेच्या एका माणसानें त्याच्या हातांत वर्तमानपत्र दिलें, आणि त्यानें तें चालत्या सायकलीवर अंगरख्याच्या आंत छातीशीं खुपसलें व उतारावर झेंप घेतली. या शर्यतींतली ही फार जुनी वहिवाट आहे. मीं वडिलांकडे पाहिलें. ते पुढें वांकून पडद्याकडे टक लावून पाहात होते. थोड्या वेळानें म्हणाले, “हे लोक आजचा पेपर घालतात!”

ते २००९ सालीं गेले.

शर्यतींच्या इतिहासांत थंडीच्या दोन गोष्टी मी विद्यार्थ्यांस पुष्कळदां सांगतों, कारण त्यांत नुसतें शौर्य नसून कपड्यांचा विचार आहे. १९८० च्या एप्रिलांत बेल्जममधल्या लिएज ते बास्तोन्य आणि परत या शर्यतींत बर्फ पडूं लागलें. १७४ स्वार निघाले होते, त्यांतले २१ परत पोंचले. बर्नार इनो हा फ्रेंच स्वार नऊ मिनिटांहून अधिक अंतरानें जिंकला. पण त्याच्या हाताचीं दोन बोटें त्या दिवशीं जीं बधिर झालीं तीं पुढें कधीं पूर्ववत् झालीं नाहींत. आठ वर्षांनीं, १९८८ च्या जूनमध्यें, इटलीच्या शर्यतींत गाव्हिया नांवाच्या सुमारें २,६०० मीटर उंचीच्या घाटावर तसेंच हिमवादळ झालें. अँडी हॅम्पस्टन या अमेरिकन स्वाराच्या संघानें आधींच हवेचा अंदाज घेऊन स्थानिक दुकानांतून मिळतील तेवढे उबदार कपडे विकत घेतले, आणि त्याच्या अंगाला लॅनोलिन चोळलें. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरींतली चरबी, आमच्या धनगराच्या ओळखीचीच वस्तु. इतर स्वार कुडकुडत थांबले, कांहीं रडले. हॅम्पस्टन त्या दिवशीं दुसरा आला, आणि ती सबंध शर्यत जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. पराक्रम त्याचा खराच, पण जो दुकानांत गेला त्याचेंहि नांव कोठें तरी कोरावयास हवें होतें.

इनोच्या बोटांवरून हातमोज्यांकडे येतों. सायकलवाल्याचे हात सर्वांच्या पुढें, वार्‍यांत, आणि निश्चल असतात. पाय निदान फिरतात तरी. आमच्या सोसायटींत पहांटे वर्तमानपत्रें टाकणारा एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा येतो. त्याच्या सायकलीच्या दांडीवर, मागच्या कॅरिअरवर, सगळीकडे वर्तमानपत्रें, पण अंगांत एक पातळ सदरा. छातीशीं धरावा असा एकहि कागद त्याचा स्वतःचा नसतो. प्रत्येक अंक मोजून दिलेला. माझ्या पत्नीनें गेल्या वर्षीं त्याला लोकरीचे हातमोजे दिले. दुसर्‍या दिवशीं पाहातों तों त्यानें दहाहि बोटांचीं टोकें कात्रीनें कापून टाकलेलीं! ती थोडी खट्टू झाली. त्याला विचारलें तेव्हां तो म्हणाला, “काकू, बोट लागल्याशिवाय पानं सुटत नाहींत.” त्यानंतर तिनें त्याला स्वेटर दिला, आणि त्याला मात्र त्यानें कात्री लावली नाहीं.

आतां परदेशाची गोष्ट. २०२० च्या जानेवारींत, साथीचें नांव आमच्याकडे कोणाच्या तोंडीं येण्यापूर्वीं, मी तीन आठवडे हॉलंडांत युट्रेख्ट येथें मुलीकडे होतों. ती तेव्हां तेथें शिकत होती. तेथल्या स्टेशनाखालीं बारा हजार पांचशे सायकली ठेवण्याची तीन मजली जागा आहे, आणि ती मला त्या गांवच्या मोठ्या देवळाहून अधिक प्रेक्षणीय वाटली. बाहेर तीन-चार अंश, भुरभुर पाऊस, सपाट मुलखावरून येणारा वारा. अशा हवेंत मी सायकलस्वारांच्या पोषाखाकडे मोठ्या आशेनें पाहूं लागलों, आणि तेथें पोषाखच नव्हता! म्हणजे लांब कोट, गळ्याभोंवतीं भलीमोठी मफलर, हातमोजे. कचेरींत जाणारी बाई कचेरीच्या वेषांत, आजोबा आजोबांच्या वेषांत. कोणी घाईंत नाहीं. पाठ ताठ, पायटे सावकाश. “बाबा, तुम्ही शर्यतींत आल्यासारखे कां जातां?” असें मुलीनें मला विचारलें. तेव्हां कोठें मला आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांचें वाक्य समजलें. वेग कमी केला कीं वाराहि कमी आणि घामहि कमी. मग घरांत जे कपडे आहेत तेच पुरतात. वडीलहि असेच जात. त्यांच्या बावीस इंची काळ्या सायकलीला घाई ठाऊकच नव्हती, आणि खडकीस ते कधीं उशिरा पोंचले नाहींत, कारण ते वेळेवर निघत.

चार वर्षांपूर्वीं मला खोकला लागला. मार्गशीर्षांत आला, आणि माघ संपला तरी गेला नाहीं. पुलापलीकडचा छोटा चढ चढतांना छातींत शीळ वाजूं लागली. डॉक्टरांनीं नळींत फुंकर मारावयास लावली, आंकडे पाहिले आणि सौम्य दमा असल्याचें सांगितलें. थंड आणि कोरडी हवा जोरजोरानें आंत ओढली म्हणजे श्वासाच्या नळ्या आवळतात, असें त्यांनीं कागदावर चित्र काढून समजाविलें. त्या रात्रीं मला उबळ आली तेव्हां पलीकडच्या खोलींत आई जागी आहे हें मला कळलें. ती बोलली नाहीं. उबळ संपून मीं श्वास घेतला, आणि मग तिच्या खाटेचा कुरकुर आवाज ऐकूं आला.

सायकल सुटणार अशीं चिन्हें दिसूं लागलीं. घरांत तिघी एका बाजूस होत्या. “इतकीं वर्षें झाली हौस, आतां रिक्षानें गेलांत तर कमीपणा आहे का?” असें पत्नी म्हणे, आणि त्याला मजजवळ नेमकें उत्तर नव्हतें. सकाळचा तो पाऊण तास सोडला तर माझ्या दिवसांत माझें म्हणावें असें फारसें कांहीं नाहीं, हें तिला सांगणें मला प्रशस्त वाटेना. शेवटीं डॉक्टरांनाच मध्यस्थ केलें. त्यांनीं फवार्‍याचें औषध नियमानें घेण्याच्या अटीवर सायकलीस परवानगी दिली, आणि तोंड व नाक झांकून, सावकाश जावें असें बजाविलें. सुटणार्‍या श्वासांतला ओलावा आणि ऊब कापडांत अडकते व आंत येणारी हवा तेवढी सौम्य होते. या आज्ञेचा माझ्या चष्म्याशीं उभा दावा आहे. मफलर नाकावर घेतली कीं कांचांवर वाफ धरते आणि रामनदीचा पूल धुक्यांत जातो, मग धुकें असो वा नसो. बर्‍याच प्रयोगांअंतीं मफलरीची वरची कड चष्म्याच्या दांडीखालीं घट्ट दाबून बसविण्याची एक रीत मीं बसविली आहे. तिनें मी दरोडेखोरासारखा दिसतों, असें विद्यार्थ्यांचें मत असल्याचें माझ्या कानांवर आहे.

घरीं एक तहहि झाला आहे. गॅलरींत तुळशीच्या कुंडीशेजारीं पत्नीनें तापमापक टांगला आहे. दहा अंशांच्या खालीं मफलर सक्तीची. आठांच्या खालीं सायकल बंद आणि रिक्षा. गेल्या हिंवाळ्यांत अशा पांच सकाळी आल्या. वाचन ती करते, मला नुसता निकाल कळतो.

माझा आजचा पोषाख असा : पातळ लोकरीचा गंजिफ्राक, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर सदरा. विंडचीटर मीं वापरून पाहिला. तो वारा अडवितो हें खरें, पण घामहि आंत अडवितो. विद्यापीठाच्या चौकांत सिग्नलाशीं थांबलों कीं कागद काढून पुढच्या टोपलींत टाकतों. शेजारच्या स्कूटरवरचीं माणसें माझ्याकडे पाहातात. एकदां एका गृहस्थांनीं अगदीं गंभीरपणें विचारलें, “प्रोफेसर, काय विशेष आज?” मीं घडी उलगडून त्यांना मथळा दाखविला, तेवढ्यांत हिरवा दिवा लागला.

मुलगी आतां शिक्षण संपवून घरीं आली आहे. दिवाळीनंतर एका सकाळीं ती म्हणाली कीं घरांत सगळेच फोनवर बातम्या वाचतात, तेव्हां वर्तमानपत्र घेणें बंद करावें. रद्दी साठते आणि पैसेहि वाचतील. तिचें म्हणणें बिनतोड होतें. पत्नीनें मान डोलावली. मी गप्प राहिलों. आई कोपर्‍यांत वाती वळीत बसली होती. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, तिला मोतीबिंदूमुळें बारीक अक्षर लागत नाहीं, आणि वर्तमानपत्र उघडल्याला तिला कित्येक वर्षें झालीं असतील. हातांतली वात पुरी वळून तिनें ती तबकांत ठेवली.

“बंद करूं नकोस गं,” ती नातीला म्हणाली. “होळीपर्यंत तरी येऊं दे.”